पोरगी म्हणते, सैन्यात अधिकारी व्हायचंय : दहावीतच बसून बोलायच्या गोष्टी



दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाली, त्याच आठवड्यात एक पालक भेटायला आले. दर्यापूर आणि मूर्तिजापूरच्या मधला खारपाणपट्टा, पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. सोबत दहावीतली मुलगी. गृहस्थ बाकावर बसले आणि थेट म्हणाले, "सर, हे पोट्टी म्हणते मले मिलिटरीत जाचं हाय. हिची आई दोन दिवसापासून धड जेवली नाई. तुमीच समजावून सांगा हिले."

आपल्याकडे 'समजावून सांगा' याचा अर्थ 'तिच्या डोक्यातून काढा' असा होतो, हे तुम्हाला सांगायला नको. मी मुलीला विचारलं, "मिलिटरीत म्हणजे नेमकं काय व्हायचंय तुला?" ती म्हणाली, "ऑफिसर, सर." वडील लगेच म्हणाले, "तेच ते. भरतीच ना!"

तेच ते नाही. आणि या एका गैरसमजामुळे आपल्या भागातली किती मुलं चुकीच्या रांगेत उभी राहतात, याचा विचार केला की वाईट वाटतं. म्हणून हा लेख. मुलांना सैन्यात पाठवा असं सांगायला मी बसलेलो नाही, पाठवू नका असंही नाही. एवढंच सांगायचं आहे की हा निर्णय बहुतेक घरांत बारावीच्या निकालानंतर घेतला जातो, आणि तोपर्यंत अर्धी दारं आपोआप बंद झालेली असतात. विचार करायची खरी वेळ दहावीचं वर्ष आहे. फार तर अकरावीचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवसापर्यंत.

आधी माझी चूक सांगतो

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात चांगला, धावण्यात त्याहून चांगला. आकाशातून विमान गेलं की वही सोडून खिडकीशी. त्याला हवाई दलात जायचं होतं. दहावीनंतर तो मला विचारायला आला, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, "सायन्स घे, पुढचं पुढे पाहू." त्याने सायन्स घेतलं. पण सोबतच्या सगळ्या पोरांनी गणित सोडून जीवशास्त्र घेतलं होतं, म्हणून त्यानेही गणित सोडलं. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. बारावीत असताना तो एनडीएच्या जाहिरातीचं कात्रण घेऊन आला. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित तिन्ही लागतात, असं त्यात स्पष्ट छापलेलं होतं. आम्ही दोघंही ते कात्रण बराच वेळ पाहत बसलो.

आज तो मुलगा चांगला कमावतो, आनंदात आहे, भेटला की पाया पडतो. मला मात्र तो पाया पडला की अवघडल्यासारखं होतं.

'भरती' आणि 'कमिशन'

आता त्या वडिलांच्या 'तेच ते'कडे येऊ. आपल्याकडे पहाटे पाचला गावाबाहेरच्या रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. बहुतेक जण तयारी करतात ती पोलीस भरतीची किंवा अग्निवीर भरतीची. अग्निवीर योजना जून २०२२ मध्ये आली. साधारण साडेसतरा ते एकवीस वयात प्रवेश आणि चार वर्षांची सेवा. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपयांचं पॅकेज, त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, म्हणजे हातात २१,०००. चौथ्या वर्षी पॅकेज ४०,००० होतं. चार वर्षांनी सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते आणि जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेतलं जातं. बाकीचे पंचविशीच्या आत घरी.

अधिकाऱ्याची वाट पूर्ण वेगळी. तिथे मैदानावर धावून निवड होत नाही. आधी बहुतेक वेळा लेखी परीक्षा, मग पाच दिवसांची एसएसबी मुलाखत, मग वैद्यकीय तपासणी, मग गुणवत्ता यादी आणि मग वर्ष ते चार वर्षांचं प्रशिक्षण. त्यानंतर लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळतं. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेफ्टनंटचं मूळ वेतन ५६,१०० पासून सुरू होतं, त्यावर १५,५०० रुपये सैन्य सेवा वेतन आणि इतर भत्ते. विशी-बाविशीतल्या मुलाच्या हाताखाली पहिल्याच वर्षी तीसेक जवान असतात, त्यातले काही त्याच्या वडिलांच्या वयाच्या जवळचे.

शिपाई म्हणून जाणं कमीपणाचं आहे असं मी म्हणत नाही. आपल्या गावागावांतले माजी सैनिक पाहा, गावात त्यांचा शब्द चालतो. शिपाई म्हणून गेलेल्यालाही पुढे डेहराडूनच्या आर्मी कॅडेट कॉलेजमार्फत अधिकारी होता येतं, ही वाट फार कमी जणांना माहीत असते. माझं म्हणणं इतकंच, की ज्या मुलात अधिकारी होण्याची कुवत आहे, तो केवळ दुसरं दार माहीत नाही म्हणून पहिल्या दारात उभा राहू नये.

अजून एक घोळ शाळांच्या नावांचा. 'सैनिक स्कूल' आणि 'सैनिकी शाळा' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१ चं, देशातलं पहिलं, आणि आपल्या विदर्भात चंद्रपूरचं २०१९ मध्ये सुरू झालं. ही संरक्षण मंत्रालयाच्या सैनिक स्कूल सोसायटीची, सहावी आणि नववीला अखिल भारतीय प्रवेश परीक्षा देऊन जायची. जिल्ह्याजिल्ह्यांत राज्याच्या धोरणानुसार संस्थांनी चालवलेल्या सैनिकी शाळा आहेत, त्या वेगळ्या. त्यातल्या काही चांगल्या असतील, पण नावात 'सैनिकी' आहे आणि गणवेश खाकी आहे म्हणून मुलगा अधिकारी होईल असं समजून फी भरू नका. तिथून किती मुलं एनडीएत गेली, एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

गणित, गणित आणि गणित

बारावीनंतरची मुख्य वाट म्हणजे एनडीए, आपल्या पुण्याजवळची खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. दोन पेपर, प्रत्येकी अडीच तास. गणिताचा ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमता चाचणीचा ६०० गुणांचा. या ६०० मधले २०० इंग्रजीचे, उरलेले ४०० विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडींचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतात. लेखीचे ९०० आणि एसएसबीचे ९००, अशी १८०० गुणांची यादी लागते.

आता इथे नीट लक्ष द्या. भूदलाच्या शाखेसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, अगदी कला शाखेचीही. हे वाचून अनेक पालक म्हणतात, "मग झालं, आर्ट्स घेऊ, सोपं जाईल." पण परीक्षेतला गणिताचा पेपर सगळ्यांना सारखाच असतो आणि तो बारावीच्या पातळीचा असतो. कला शाखेची मुलगी अर्ज करू शकते, पण त्रिकोणमिती, कलन, सदिश, संभाव्यता हे सगळं तिला घरी बसून शिकावं लागतं. काही जिद्दीची मुलं करतातही. तरी मी कुठल्याही पालकाला हेच सांगीन की अकरावीला भौतिक, रसायन, गणित घ्या. सोबत जीवशास्त्र झेपत असेल तर तेही घ्या, हरकत नाही, पण गणित सोडू नका. हे तीन विषय हातात असले तर तिन्ही दलांची दारं उघडी राहतात, आणि उद्या मन बदललं तर इंजिनिअरिंग आहेच. म्हणजे हा निर्णय सैन्याच्या बाजूने असला तरी मुलाला कुठे कोंडत नाही.

मराठी माध्यमाच्या पालकांना एक दिलासा. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत असते. आपल्या वऱ्हाडातल्या पोरांना हिंदी काही परकी नाही. पण ते २०० गुणांचं इंग्रजी आणि पुढे एसएसबीत करावं लागणारं इंग्रजी संभाषण यातून सुटका नाही. त्यासाठी दोन-तीन वर्षं लागतात, दोन-तीन महिन्यांत ते होत नाही. दहावीतच सुरुवात करा म्हणतो, ते मुख्यतः यासाठी.

खर्चाचा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो, थोडं लाजत. एनडीएतलं तीन वर्षांचं शिक्षण, राहणं, जेवण, गणवेश सरकारी खर्चाने होतं, पदवीही मिळते. खिशाखर्च आणि किरकोळ गोष्टींसाठी पालकांना काही रक्कम भरावी लागते, ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना त्यातही सरकारी मदतीची सोय आहे. त्यानंतर डेहराडूनच्या अकादमीतल्या एका वर्षात महिना ५६,१०० विद्यावेतन मिळतं. इंजिनिअरिंगच्या एका वर्षाची फी आठवा आणि ताडून बघा. खर्च होतो तो तयारीचा. 'एनडीए फाउंडेशन' अशी पाटी लावून लाख-दीड लाख मागणारे क्लास आता आपल्याकडेही निघाले आहेत. त्याआधी सरकारी सोयी पाहा.

छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे, सगळे तिला एसपीआय म्हणतात. एनडीए महाराष्ट्रात असूनही तिथे मराठी मुलं कमी दिसतात, ही जुनी तक्रार. त्यावर उपाय म्हणून १९७७ मध्ये ही संस्था सुरू झाली. दहावी झालेल्या मुलांना लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन निवडतात आणि अकरावी-बारावीची दोन वर्षं तिथे ठेवून एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. जाहिरात दहावीच्या वर्षातच निघते. ती नजरेतून सुटली की सुटली, पुढच्या वर्षी तुमचा मुलगा अकरावीत गेलेला असतो. मुख्याध्यापकांनो, हे परिपत्रक फाईलला न लावता सूचना फलकावर लावा, एवढीच विनंती.

एनडीए हुकली तर?

हुकते. बहुतेकांची हुकते. लाखोंनी अर्ज येतात आणि जागा चारशेच्या आसपास. म्हणून पुढची दारं घरात माहीत असायला हवीत, नाहीतर साडेएकोणीस वर्षांचा मुलगा आपलं आयुष्य संपलं असं समजून बसतो.

पदवीनंतर सीडीएस परीक्षा आहे, तीही यूपीएससीची. डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे तीन पेपर असतात, पण हे गणित दहावीच्या पातळीचं. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी तर गणिताचा पेपरच नाही, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. कला शाखेची पदवीधर मुलगीही हे देऊ शकते. मात्र चेन्नईतून मिळतं ते शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे दहा वर्षं, फार तर चौदा. त्यात कायम झालं नाही तर पेन्शन नाही. हे आधीच समजून घ्या, पस्तिशीत धक्का बसायला नको.

आणि एक वाट आपल्या भागातल्या मुलांना फार जवळची आहे, पण कॉलेजात कोणी नीट सांगत नाही. एनसीसी. अमरावतीला एनसीसीचं ग्रुप मुख्यालय आहे, अमरावती-अकोल्याच्या कितीतरी कॉलेजांत युनिट आहेत. 'सी' प्रमाणपत्रात किमान बी श्रेणी आणि पदवीला ५० टक्के असतील तर एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीला बोलावणं येऊ शकतं. पोरं तीन वर्षं परेड करतात, सव्वीस जानेवारीला फोटो काढतात, आणि हे माहीतच नसतं.

याशिवाय बारावी आणि जेईई मेनच्या गुणांवर भूदलाचा तांत्रिक प्रवेश आहे. नीटमधून पुण्याचं सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. मिलिटरी नर्सिंगमध्ये जाणाऱ्या मुलीही अधिकारीच असतात. प्रत्येकाचे नियम वेगळे आणि वर्षावर्षाला थोडे बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षाची मूळ जाहिरात वाचा. मोबाईलवर फिरणाऱ्या पोस्टवर विसंबू नका.

घाटातली बस

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलगा किंवा मुलगी या कामाला योग्य आहे का, हे कसं ओळखायचं? पालक म्हणतात, उंची चांगली आहे, आवाज खणखणीत आहे, देशभक्तीची भाषणं छान करतो. मी हसतो. त्याचं कारण सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमची सहल चिखलदऱ्याला गेली होती. परतताना घटांगच्या अलीकडे बस बंद पडली. संध्याकाळ, थंडी, फोनला रेंज नाही. दोन मिनिटांत एकच गोंधळ. दरवर्षी पंधरा ऑगस्टला भाषण करून बक्षीस घेणारा आमचा मुलगा ड्रायव्हरशी वाद घालत होता. आणि ही मुलगी, तेव्हा आठवीत, काय करत होती? तिने आधी लहान मुलांना रस्त्याच्या आतल्या बाजूला बसवलं. मग बाटल्या गोळा करून पाणी किती आहे ते पाहिलं. एका मुलीला उलटी झाली होती, तिच्याजवळ दुसरीला बसवलं. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "सर, पोरं बेचाळीसच्या बेचाळीस आहेत. पाणी पुरते. पण स्वेटर सात जणायजवळ नाई." तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

एसएसबीत पाच दिवस जे शोधतात ते साधारण हेच. पहिल्या दिवशी बुद्धिमत्तेची चाचणी आणि एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात चर्चा. इथूनच बरेच जण घरी परततात. पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या. चित्रं पाहून गोष्टी लिहायच्या, त्यातलं शेवटचं चित्र कोरं असतं. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात आलेलं वाक्य लिहायचं. साठ प्रसंग, अर्धा तास, तुम्ही काय कराल ते लिहायचं. मग दोन दिवस मैदानावर. फळ्या, दोर, ड्रम घेऊन अख्ख्या गटाने अडथळा पार करायचा, नकाशावर संकटं दाखवून योजना ठरवायची, तीन मिनिटांचं भाषण करायचं. या दिवसांतच स्वतंत्र मुलाखत. शेवटच्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसतात आणि निकाल तिथेच सांगतात. मैदानावर परीक्षक पाहतो की संकटात हा पोरगा स्वतःचं पाहतो की गटाचं, दुसऱ्याचं ऐकतो का, अडला तर गोठतो की काहीतरी हालचाल करतो. ओरडणारा पुढारी तिथे लवकर उघडा पडतो.

शिक्षकहो, यातलं बरंच आपण वर्गात करू शकतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. आठवड्यातून एकदा चिठ्ठी उचलून तीन मिनिटं तयारी, तीन मिनिटं बोलणं. गॅदरिंगचं नियोजन खरोखर मुलांवर सोडा, चुका होऊ द्या. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं नाव आपण अभिमानाने घेतो, १९१४ पासूनची संस्था, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथली मुलं मल्लखांब आणि देशी खेळ दाखवून आली. आणि आपल्याच शाळांत खेळाचा तास गणिताला देऊन टाकतो. (गणितावर इतकं लिहिणाऱ्या माणसाने हे म्हणावं, पण म्हणतो.)

लेखी पास झालेल्यांसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. एसएसबीची तयारी करून घेतात, राहणं-जेवण मोफत. चौकशी आपापल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची. अमरावतीलाही आहे, अकोल्यालाही आहे.

तब्येतीचं एकच सांगतो. रंग ओळखण्यातला दोष, सपाट पाय, कानाच्या तक्रारी, ही तपासणी आत्ताच इर्विनला किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला करून घ्या. चष्मा असला म्हणजे सगळं संपलं असं नाही, दलानुसार मर्यादा वेगळ्या आहेत. पण ज्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही त्याने पायलट होण्याचं स्वप्न चार वर्षं जपावं आणि मग कळावं, हे क्रूर आहे. आणि गोंदवून घेऊ नका. जत्रेतला पन्नास रुपयांचा टॅटू पुढे अडचणीचा ठरतो.

आईला काय सांगायचं

मुलींचा प्रश्न आता कायद्याच्या बाजूने सुटलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये भूदलातल्या महिला अधिकाऱ्यांच्या कायम कमिशनचा निकाल दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या असा आदेश झाला. २०२२ मध्ये पहिली तुकडी खडकवासल्यात गेली आणि ३० मे २०२५ ला १७ मुली मुलांच्या बरोबरीने संचलन करत बाहेर पडल्या. मुलींना परीक्षेची फीही नाही. त्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. मुलगी काही बोलली नाही, तिला हे सगळं आधीच माहीत होतं.

पण आईच्या भीतीला कायद्याचं उत्तर देता येत नाही. "काही होत नाही हो" असं म्हणून तिची समजूत घालू नये, ते खोटं आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी, दोन लहान मुलं असताना, एसएसबी दिली, चेन्नईचं प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या स्वतः लेफ्टनंट झाल्या. या नोकरीची किंमत त्यांच्याइतकी कोणाला माहीत असणार? तरी त्या गेल्या. मी ही गोष्ट प्रेरणा म्हणून सांगत नाही. किंमत पूर्ण माहीत असूनही होकार देता येतो, आणि होकार द्यायचा तर तो तसाच असावा, म्हणून सांगतो.

किंमत फक्त सीमेवरची नसते. दर दोन-तीन वर्षांनी बदली. नवरा-बायको वेगवेगळ्या गावी. आईवडील म्हातारे झाले की दवाखान्यात नेणारा पोरगा हजार किलोमीटरवर. प्रशिक्षणातच गंभीर जखमी होऊन बाहेर पडावं लागलेले छात्रही आहेत. त्यांच्या हाल-अपेष्टांची ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, त्यानंतर त्यांच्यासाठी माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं दार उघडलं. जाहिरातीत हे नसतं. घरात बोललं गेलं पाहिजे.

म्हणून मी त्या मुलीला वडिलांसमोरच तीन गोष्टी विचारल्या. पगार हाच असता पण गणवेश नसता, तरी गेली असतीस का? वरिष्ठाचा हुकूम पटला नाही तरी पाळावा लागतो, जमेल? आणि निवड झालीच नाही तर काय करशील? पहिल्याला ती पटकन हो म्हणाली. दुसऱ्याला थांबली, मग म्हणाली, "शिकावं लागेल सर, घरी तर नाई जमत." वडील पहिल्यांदा हसले. तिसऱ्याला म्हणाली, "बीएस्सी करते, एनसीसी घेते, पुन्हा देते." मला तिसरं उत्तर सगळ्यात आवडलं. ज्या मुलाकडे याचं उत्तर नाही, त्याला मी सैन्यापासून परावृत्त करत नाही, पण ते उत्तर तयार होईपर्यंत निर्णयाची घाई करू नको असं सांगतो.

ठरलं ते इतकंच. नाशिकच्या संस्थेची जाहिरात आली की फॉर्म भरायचा. तिथे नाही झालं तर अकरावीला गणित घेऊन सायन्स. डोळे आणि कान तपासून घ्यायचे. रोज अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाचायचं. पक्का निर्णय बारावीपर्यंत लांबवायला हरकत नाही, तोपर्यंत दारं उघडी ठेवायची. वडील म्हणाले, "थे सगळं ठीक हाय सर, पण हिच्या मायले कोन सांगन?"

मी म्हणालो, शनिवारी वहिनींना घेऊन या.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्या आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत आमच्या घरासाठी हिरव्या तुरीच्या शेंगा. मी बोलत गेलो, त्या ऐकत गेल्या. एनडीए, एसएसबी, पगार, कशावरच काही म्हणाल्या नाहीत. शेवटी एकच विचारलं, "सुट्टी किती भेटते हो सर?"

मी सांगितलं, अधिकाऱ्याला वर्षाला साठ दिवस वार्षिक रजा आणि वीस दिवस नैमित्तिक असते. पण मागेल तेव्हा मिळेलच असं नाही, युनिटला सोडता आलं तरच.

त्यांनी मनात काहीतरी हिशेब केला. "मंग पोयाले येईन का थे?"

मी म्हणालो, "वहिनी, ते आजच सांगता येत नाही."

"हाव," त्या म्हणाल्या, आणि पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली.